सहा बाय नऊचा गालिचा

"पाच किलो अठरा ग्रॅम!" निशिकांत खांबेट्यांनी तांदळाची दुसरी पातेली वजनकाट्यावरून उतरवली आणि अपमान झाल्यासारखे ते खुर्चीत बसले. "पिशवी पाच किलोची, आणि आत अठरा ग्रॅम जास्त. अहो, काय चाललंय काय या देशात?"

"मी सांगतच होते," सुलेखाबाई म्हणाल्या. त्या असं म्हणाल्या, की जणू वरचे अठरा ग्रॅम त्यांनी स्वतःच्या हातानं घातले होते.

सुलेखाबाई म्हणजे निशिकांतरावांच्या विहीणबाई. गेली सात वर्षं त्या मुलाकडे, विक्रांतकडे, पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या आणि सिंगापूरबद्दल 'आमच्याकडे' असं बोलत होत्या. निशिकांतराव आणि त्यांच्या पत्नी उल्काताई लेकीकडे, ऋताकडे, महिनाभरासाठी सोलापूरहून आले होते. त्याला आता बारा दिवस झाले होते, आणि निशिकांतरावांच्या आयुष्यातले ते सर्वांत वाईट बारा दिवस होते.

कारण निशिकांतराव वजनमापे निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी सोलापूर जिल्ह्यातले तराजू तपासले होते. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरलेली वजनं, तळाला जाड मेण लावलेली तेलाची मापं, हे सगळं त्यांनी रंगेहाथ पकडलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी पांढरी दाढी वाढवली, पण सरकारी शिक्क्याची पोलादी टेप खिशातून काढली नाही. असा माणूस बारा दिवस दूध, साखर, कापड, फरशीपुसणी, जे दिसेल ते मोजत सुटला होता आणि सगळं बरोबर निघत होतं.

"दोन मिनिटांत गाडी येईल म्हणून बोर्डावर लिहितात आणि गाडी दोनच मिनिटांत येते," ते म्हणाले. "हे काय माणसाचं लक्षण आहे?"

"आमच्याकडे कुणी फसवत नाही हो," सुलेखाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला सवय नाही, म्हणून जड जातंय."

हे 'तुम्हाला सवय नाही' निशिकांतरावांना लागलं. विहिणीशी भांडता येत नाही. त्यामुळे त्यांचा सगळा संताप कानांच्या पाळ्यांमध्ये साठला आणि पाळ्या लाल झाल्या. उल्काताईंनी ते पाहिलं आणि निमूटपणे तांदूळ डब्यात भरायला घेतले.

"विहीणबाई, ही सगळी पाकीटबंद मालाची करामत," ते शेवटी म्हणाले. "यंत्रानं भरलेलं असतं, यंत्राला काय अक्कल? जिथे माणूस समोर बसून विकतो, असा एखादा जुना बाजार दाखवा. अर्ध्या तासात चोर पकडून देतो."

"मग चला अरब स्ट्रीटला," सुलेखाबाई उठल्याच. "शंभर वर्षांपासूनचा बाजार आहे. अत्तरं, रेशीम, गालिचे. बघू तुम्हाला चोर सापडतो का."

अरबांचा बाजार! निशिकांतरावांच्या चेहऱ्यावर बारा दिवसांत पहिल्यांदा तेज आलं. त्यांनी घाईघाईनं अंघोळ केली. उल्काताईंनी "तिथे मोठी मशीद आहे, नीट कपडे घाला" असं बजावून त्यांना गुडघ्याखाली जाणारा पांढरा झब्बा दिला. तो घालून, टेप खिशात टाकून ते लढाईला निघाल्यासारखे निघाले.

मशिदीचा सोनेरी घुमट, बुटकी रंगीत दुकानं, दुकानांपुढची सलग पडवी, तिथे मांडलेले पितळी दिवे. बाजार नाव राखणारा होता. पण निशिकांतरावांचं लक्ष नक्षीकडे नव्हतं. पहिल्या कापडाच्या दुकानात उल्काताईंनी तीन मीटर सुती कापड घेतलं. निशिकांतरावांनी ते तिथल्या तिथे पडवीत पसरून मोजलं. तीन मीटर आणि वर चार बोटं.

"बघितलंत?" सुलेखाबाई म्हणाल्या.

अत्तराच्या दुकानात त्यांनी बाटली उजेडात धरून पातळी पाहिली. अत्तर गळ्यापर्यंत होतं. वर दुकानदारानं त्यांच्या दोन्ही मनगटांवर आणि दाढीवर फुकट गुलाब लावून दिला.

"बघितलंत?"

"बघितलं," निशिकांतराव दातांवर दात ठेवून म्हणाले. आता ते चिडलेले होते आणि शिवाय घमघमत होते.

तिसरं दुकान गालिच्यांचं होतं. मालक जमालभाई, साठीचे, हसतमुख, तिथेच जन्मलेले. पण आजोबा हिंदुस्थानातून आलेले, त्यामुळे हिंदी बोलणारे. भिंतीवर एक मोठा लाल गालिचा टांगलेला होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: सहा बाय नऊ फूट. निशिकांतरावांनी टेप लावली. पुन्हा लावली. मग त्यांनी चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा लावली.

"आठ फूट साडेदहा इंच!" ते ओरडले. "विहीणबाई, इकडे या! दीड इंच कमी! उल्का, बघ, बघ!"

सुलेखाबाईंचा चेहरा पडला. जमालभाई मात्र शांतपणे आले.

"साहब, हाथ का काम है," ते म्हणाले. "इन्सान ने बनाया है. ये किनारा थोडा कम, वो किनारा थोडा ज़्यादा. उधर से नापिए."

निशिकांतरावांनी दुसरी कड मोजली. ती नऊ फूट एक इंच भरली.

"म्हणजे गालिचा वाकडा आहे!" ते कडाडले. "वाकडा माल सरळ म्हणून विकता? चिठ्ठीवर खरं माप का नाही लिहिलं?"

"साहब, आज तक किसी ने नापा ही नहीं."

हे ऐकून निशिकांतरावांचा पारा चढला. फसवणारा परवडला, पण गिऱ्हाईकच मोजत नाही म्हणजे काय? त्यांनी जाहीर केलं, की दुकानातला एकेक गालिचा आपण मोजणार आणि प्रत्येकावर खरी चिठ्ठी लावणार. तेवढ्यात जमालभाईंनी घड्याळ पाहिलं. शुक्रवार होता, दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. ते दार ओढून घ्यायला निघाले.

"तपासणी अर्धी सोडता येत नाही," निशिकांतराव आडवे आले. "एकतीस वर्षांत एकदाही सोडलेली नाही."

जमालभाईंनी या म्हाताऱ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हात जोडले. "ठीक है साहब. आप बैठिए, नापिए, जो लिखना है लिखिए. मैं आधे घंटे में आया." त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन निशिकांतरावांच्या हाती दिलं आणि ते मशिदीकडे गेले.

"ओळख ना पाळख, आणि दुकान उघडं टाकून गेला!" निशिकांतराव संतापानं म्हणाले. "निष्काळजीपणाची हद्द आहे."

"आमच्याकडे विश्वास असतो," सुलेखाबाई म्हणाल्या. पण दीड इंचानं त्यांचा आवाज जरा खाली आला होता. त्या उल्काताईंना घेऊन समोरच्या दुकानात लेस बघायला गेल्या.

निशिकांतराव कामाला लागले. गालिच्यांच्या थप्पीवर मांडी घालून ते मोजत होते, लिहीत होते, खाली झोकदार सही करत होते. 'डावी बाजू दोन इंच आखूड. एका पाखराला शेपूट नाही. नि. खांबेटे.' दहा-बारा गालिचे झाले असतील, तोच दारात छोटं निशाण घेतलेली एक गाइड मुलगी आली आणि तिच्यामागे पंधरा-सोळा गोरे प्रवासी.

प्रवाशांनी पाहिलं ते असं: रंगीबेरंगी गालिच्यांच्या ढिगावर, पांढऱ्या झब्ब्यातला, पांढऱ्या दाढीचा, गुलाबानं दरवळणारा एक वृद्ध व्यापारी कपाळाला आठ्या घालून बसला आहे.

"ओऽऽ!" सगळे एकदम म्हणाले आणि फोन बाहेर आले.

"अंकल, स्माइल लाह!" गाइड म्हणाली.

"आय ॲम नॉट अंकल!" निशिकांतराव म्हणाले. "आय ॲम इन्स्पेक्टर! वेट्स अँड मेझर्स!"

ते कुणाला कळलं नाही. एक धिप्पाड बाई पुढे आल्या, त्यांनी त्या लाल गालिच्यावर हात फिरवला आणि काही कमी होईल का, असं विचारलं.

"मॅडम, डोन्ट बाय," निशिकांतराव कळकळीनं म्हणाले. ग्राहकाचं हित हे त्यांच्या खात्याचं ब्रीदच होतं. "धिस इज क्रुकेड. धिस साइड शॉर्ट, दॅट साइड लाँग." आणि टेप लावून त्यांनी दाखवूनही दिलं.

बाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "हाताचा आहे!" त्या म्हणाल्या. "खरंच हाताचा आहे! आणि हा माणूस खरं सांगतोय!"

मग एकच गर्दी उसळली. निशिकांतराव दोष सांगत होते आणि दोषागणिक माणसं पुढे सरकत होती. त्यांनी बिनशेपटीचं पाखरू दाखवलं, तर त्यावर दोन बहिणींमध्ये वाद सुरू झाला. एका तपकिरी गालिच्याचा रंग दोन ठिकाणी वेगळा असल्याचं सांगितल्यावर एका गृहस्थानं तो छातीशीच धरला. एका सरळ, निर्दोष गालिच्याकडे बोट दाखवून निशिकांतराव म्हणाले, "धिस इज परफेक्ट, टेक धिस." त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"अरे, ऐका ना!" निशिकांतराव मराठीतच ओरडले. "खराब आहे! खराब माल आहे! नो सेल! सीझ्ड! जप्त!"

"नाही म्हणतोय," एक म्हातारे गृहस्थ बायकोला कुजबुजले. "चांगले व्यापारी आधी नाहीच म्हणतात. मी वाचलंय."

जमालभाई नमाजाहून परतले, तेव्हा त्यांच्या दुकानापुढे रांग लागली होती. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी रांग पाहिली नव्हती. ते दोन मिनिटं नुसतेच उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी भराभर पावत्या फाडायला सुरुवात केली.

नेमक्या त्याच वेळी निशिकांतरावांचा फोन वाजला. पलीकडे जावई होता, बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"दुकानात."

"दुकानात काय करताय?"

"काम करतोय. मोठं काम निघालंय इथे. का?"

मग विक्रांत अशा आवाजात बोलू लागला, की तो टेबलाखाली बसून बोलतोय असं वाटावं. "बाबा, रश्मी दामले तिथून जात होत्या, त्यांनी आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर तुमचा फोटो टाकलाय. 'ऋताच्या बाबांनी दुकान टाकलं वाटतं, अभिनंदन' असं लिहिलंय. चौसष्ट जणांनी अंगठे दिलेत. बाबा, तुम्ही व्हिजिट पासवर आहात! व्हिजिट पासवर काम करता येत नाही! आत्ताच्या आत्ता उठा तिथून!"

समोरच्या दुकानातून सुलेखाबाई धावत येत होत्या. त्यांच्या हातातला फोनही तोच फोटो दाखवत होता.

"निशिकांतराव! उठा! अहो, नियम आहेत इथे! तुम्हाला परत पाठवतील, आणि मला मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नाही!"

"मी विकत नाहीये हो! मी नका घेऊ म्हणून सांगतोय!"

"मग घेतायत कशाला सगळे?"

तोच जमालभाई एक छोटा, सुबक गालिचा गुंडाळून घेऊन आले. "साहब, ये आपके लिए. तोहफ़ा."

निशिकांतराव विजेचा धक्का बसल्यासारखे मागे सरले. एकतीस वर्षांत त्यांनी व्यापाऱ्याच्या घरचा चहा घेतला नव्हता. "मला लाच देता?" ते गरजले.

"घेऊ नका! ती मजुरी ठरेल!" सुलेखाबाई किंचाळल्या. दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती.

"लीजिए ना साहब!"

"नाही! कदापि नाही!"

मग तिघंही निघाले. पुढे सुलेखाबाई, मधे निशिकांतराव, मागे कापड आणि लेस सांभाळत उल्काताई, आणि त्यांच्यामागे गुंडाळलेला गालिचा खांद्यावर घेतलेले जमालभाई, "साहब, साहब" करत. कॅफेत बसलेल्या लोकांनी त्यांचा व्हिडिओ काढला. बूगिस स्टेशनच्या सरकत्या जिन्यापाशी जमालभाईंना धाप लागली आणि ते थांबले.

संध्याकाळी घरी विक्रांतनं चौकशी लावली. तो बँकेत होता आणि स्वभावानं भित्रा होता. लपवण्यापेक्षा आपणच विचारलेलं बरं, असं म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी सरकारी हेल्पलाइनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळे टेबलाभोवती श्वास रोखून बसले.

विक्रांतनं सगळी हकीकत सांगितली. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतली.

"त्यांना पैसे मिळाले का?" त्यांनी विचारलं.

"नाही. भेट देत होते, तीसुद्धा नाकारली."

"दुकानदारानं त्यांना विकायला ठेवलं होतं का?"

"नाही. ते लोकांना घेऊ नका असं सांगत होते."

मग बाई खोकल्या. "सर, मग ते काम करत नव्हते. ही इज जस्ट ॲन अंकल."

विक्रांतनं सुटकेचा निःश्वास टाकला. ऋता हसता हसता स्वयंपाकघरात पळाली. निशिकांतराव मात्र ताडकन उभे राहिले.

"जस्ट अंकल? एकतीस वर्षं! तीन जिल्हाधिकाऱ्यांच्या हातची प्रशस्तिपत्रं आहेत माझ्याकडे! लावा परत फोन!"

"बाबा, प्लीज," विक्रांत म्हणाला आणि फोन घेऊन बाथरूममध्ये गेला.

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. पण बुधवारी मंडळाच्या ग्रुपवर रश्मी दामल्यांचा दुसरा फोटो आला. जमालभाईंच्या दुकानाबाहेर भला मोठा फलक लागला होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: 'इन्स्पेक्टरनं तपासलेले अस्सल वाकडे गालिचे.' आणि खाली दारावर ओळीनं टांगलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर झोकदार सही.

निशिकांतरावांनी फोटो मोठा करून पाहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग मानही लाल झाली.

"माझी सही! माझ्या सहीवर धंदा!" ते झब्बा शोधू लागले. "मी दोष दाखवले ते लोकांना सावध करायला. हा गृहस्थ दोष विकतोय!"

विक्रांत ऑफिसात होता. त्यानं फोनवरून अटी घातल्या: बसायचं नाही, मोजायचं नाही, कुणाशी इंग्रजी बोलायचं नाही. सुलेखाबाई म्हणाल्या, "मी लक्ष ठेवते." उल्काताई म्हणाल्या, "मी पण येते," आणि त्यांनी सोबत पाण्याची बाटली घेतली.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जमालभाईंनी पाहताच हात जोडले. "साहब! आइए! आपने तो मेरी दुकान बना दी."

"बोर्ड उतरवा," निशिकांतराव म्हणाले. "आधी बोर्ड उतरवा, मग बोलू."

एवढं बोलून ते थांबणार होते. खरोखरच थांबणार होते. पण शेजारी एक तरुण जोडपं निळा गालिचा बांधून घेत होतं आणि त्यावर चिठ्ठी होती, 'डावी बाजू दोन इंच आखूड. नि. खांबेटे.' निशिकांतरावांची नजर डाव्या बाजूवर गेली. मग उजव्या बाजूवर गेली. एकतीस वर्षांची नजर ती, तिला टेप लागत नव्हती. तरी त्यांचा हात आपोआप खिशात गेला.

"निशिकांतराव, मोजायचं नाही ठरलंय," सुलेखाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

त्यांनी ऐकलं नाही. टेप सळसळत बाहेर आली. डावी बाजू सहा फूट. उजवी बाजू सहा फूट. लांबी इकडून नऊ, तिकडून नऊ. कोपरे काटकोनात. पाखरं मोजली, तर चाळीसच्या चाळीस पाखरांना शेपट्या होत्या.

"जमालभाई," निशिकांतराव फार हळू आवाजात म्हणाले, "ये गालिचा सीधा है."

जमालभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. "साहब..."

"बिलकुल सीधा है. मशीन का है. और आपने वाकडा बोलके बेचा!" त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. "ही सही माझी नाही. माझ्या 'ख'ची शेपटी वर जाते. ही खाली गेलीय."

जमालभाई खुर्चीत बसले. "साहब, क्या करूँ," ते घाम पुसत म्हणाले. "सबको टेढ़ा ही चाहिए. इतना टेढ़ा माल मैं लाऊँ कहाँ से?"

त्या तरुण जोडप्याला आपली फसवणूक झाल्याचं कळलं, आणि ते चिडून तावातावानं बोलू लागलं. इतर गिऱ्हाइकंही आपापले गालिचे उलगडून कोपरे जुळवू लागली. जमालभाईंनी सगळ्यांची माफी मागितली, निळा गालिचा परत घेतला आणि स्वतः शिडीवर चढून बोर्ड उतरवला. निशिकांतरावांनी त्या गर्दीत एक स्टूल मिळवलं, कोरा कागद मागून घेतला आणि ते मान खाली घालून लिहू लागले. वेळ, स्थळ, मालाचं वर्णन, दोन्ही बाजूंची मापं.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद आदबीनं विहिणीपुढे धरला. "विहीणबाई, पंच म्हणून एक सही लागेल."

सुलेखाबाईंनी कागदाकडे पाहिलं, निळ्या गालिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं सही केली. त्यांना फारच वाईट वाटलेलं दिसत होतं.

परतताना गाडीत निशिकांतराव खिडकीपाशी बसले. चेहरा असा निवला होता, की उल्काताईंनी दोनदा वळून पाहिलं. बऱ्याच वेळानं ते समोर बसलेल्या सुलेखाबाईंकडे किंचित झुकले.

"विहीणबाई," ते अगदी मनापासून म्हणाले, "गाव चांगलं आहे हो तुमचं."